खेळातलं नाव आणि आधारवरचं नाव

नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले. त्यातली एक तरतूद थेट आपल्या घरातल्या मोबाईलपर्यंत पोचते. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची असेल, तर कंपनीने आधी आई-वडिलांची संमती घ्यायची आणि संमती देणारा माणूस खरोखर सज्ञान आहे याची खातरजमाही करायची. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत एसटी स्टँडवर, क्लासच्या जिन्यात, शेतातल्या बांधावर मोबाईल आडवा धरून बसलेली पोरं बघितली, की हा नियम किती जणांना लागू होणार याचा अंदाज येतो.

या विषयावर आपल्याकडे दोन मतं हमखास ऐकू येतात. सगळ्यांना खऱ्या नावाने खेळायला लावा, शिवीगाळ आपोआप थांबेल, हे एक. आणि गेमच तर आहे, नाव-नंबर दिला तर काय बिघडतं, हे दुसरं. दोन्ही मतांची परीक्षा जगात आधीच होऊन गेली आहे.

टोपणनाव हे ऑनलाइन खेळांत पहिल्या दिवसापासून आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा, निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ रचला. त्यात माणूस पात्राच्या नावानेच वावरायचा. २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन खेळायची सेवा आली, तेव्हा गेमरटॅगची, म्हणजे खेळाडूच्या टोपणनावाची, पद्धत रूढ झाली. वर्गणी क्रेडिट कार्डावरून जात असल्यामुळे कंपनीला खरं नाव ठाऊक असायचं, समोरच्या खेळाडूला फक्त टॅग दिसायचा. कंपनीला ओळख पटवणं आणि चारचौघांत नाव लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रचनेत गृहीतच होतं. पुढचा सगळा घोळ या दोन गोष्टी एक समजण्यातून झाला.

तो पहिल्यांदा ठळकपणे दिसला जुलै २०१० मध्ये. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे तेव्हा १ कोटीहून अधिक वर्गणीदार होते. ६ जुलैला ब्लिझार्ड कंपनीने जाहीर केलं, की यापुढे आमच्या चर्चामंचावर लिहिणाऱ्याचं खरं नाव आणि आडनाव दिसेल. कारण दिलं तेच, टवाळखोरी कमी व्हावी. खेळाडू भडकले. यात धोका काही नाही हे दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. थोड्याच वेळात लोकांनी त्या नावावरून फोन नंबर, पत्ता, घरच्यांची माहिती असं बरंच काही शोधून मांडलं. ९ जुलैला कंपनीच्या प्रमुखांनी, माइक मोरहाइम यांनी, निर्णय मागे घेतला. मोठ्या कंपनीने तीन दिवसांत माघार घेणं तसं विरळाच. पुढे बॅटलटॅग आला, म्हणजे टोपणनाव आणि त्यामागे आकडा.

ओळख उघडी पडली की पुढे काय होऊ शकतं, ते डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरात दिसलं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळताना दीड डॉलरच्या पैजेवरून दोघांचं वाजलं. एकाने दुसऱ्याला आपला म्हणून जुना पत्ता दिला. त्या पत्त्यावर गुन्हा घडतोय असा खोटा फोन पोलिसांना गेला आणि खेळाशी काडीचा संबंध नसलेला, तिथे राहणारा माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. खोटा फोन करणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे इतकं टोक गाठलं जाणार नाही, असं म्हणून कुणी हात झटकेल. पण खान्देशात कुणाला शोधायला इंटरनेटवर खणावं लागतच नाही. ‘कोना पोऱ्या शे तू?’ हा इथला पहिला प्रश्न. पाटील म्हटलं की गाव विचारायचं, गाव कळलं की भाऊबंदकी, सोयरीक आणि जात सगळं पाठोपाठ आलं. नंदुरबारकडे वळवी, पाडवी, वसावे, पावरा ही आडनावं ऐकली की तेवढाही प्रश्न लागत नाही. लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, ‘आदिवासी आहेस का’ म्हणून सुरुवात करणाऱ्याला शिवी कुठे नेमकी लागते ते आडनावच सांगून देतं. शिवाय आपल्या पूर्ण नावात मधे बापाचं नाव असतं. मुलीने स्वतःच्या पूर्ण नावाने आयडी काढला, तर रात्री अकराला ती कुणाबरोबर स्क्वाडमध्ये, म्हणजे खेळातल्या चमूत, होती हे सकाळपर्यंत तिच्या काकांच्या कानावर गेलेलं असतं. म्हणून मुली पोरांच्या नावाने आयडी काढतात आणि माईक बंद ठेवतात. खऱ्या नावाची सक्ती ट्रोल करणाऱ्याला जरब बसावी म्हणून असते, ती आधी जाऊन बसते अशा मुलीवर. अमेरिकेत बसून धोरण आखणाऱ्याला नाव म्हणजे निव्वळ एक खूण वाटते. इथे तो अख्खा पत्ता असतो.

या प्रश्नावर सगळ्यात जास्त शिकवून गेला तो दक्षिण कोरिया. तिथे प्रत्येक नागरिकाला १३ आकडी नोंदणी क्रमांक असतो. त्यात जन्मतारीख आणि लिंग असतं, आणि २०२० पर्यंत नव्या क्रमांकांत नोंदणीच्या प्रदेशाचा संकेतही घातला जाई. थोडक्यात, गाव विचारायची सोय आकड्यांतच केलेली. गेमच्या खात्याला हाच क्रमांक लागायचा. परिणाम २००६ मध्येच दिसला. ‘लिनिएज’ या तिथल्या लोकप्रिय खेळात दुसऱ्यांचे चोरलेले क्रमांक वापरून खाती उघडल्याचं उघड झालं. बळी पडलेल्यांचा आकडा लाखावर होता आणि त्यांतल्या अनेकांनी तो खेळ कधी उघडलाही नव्हता. तरी २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरं नाव पडताळण्याची सक्ती कायद्याने आली आणि २००९ मध्ये तिची व्याप्ती वाढली. तेव्हा यूट्यूबने पडताळणी करण्याऐवजी कोरियातून व्हिडिओ चढवणं आणि प्रतिक्रिया देणंच बंद करून टाकलं.

मग २०११ साल उजाडलं. जुलैत ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या तिथल्या संकेतस्थळांवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. नोव्हेंबरमध्ये ‘मेपलस्टोरी’ या खेळाच्या १ कोटी ३२ लाख खातेदारांची. मेपलस्टोरी खेळणारे बरेचसे शाळकरी. क्रमांक गोळा करायला लावला सरकारने, साठवला कंपन्यांनी, आणि तो तेव्हा आयुष्यभर बदलता येत नसल्याने भोगायचं मात्र खेळाडूंनी. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने खऱ्या नावाची ती सक्ती एकमताने रद्द केली. सक्तीमुळे बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही आणि लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले, ही त्यामागची कारणं. सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्र ते पहाटे सहा गेम बंद ठेवणारा वेगळा कायदाही २०११ मध्ये आला होता. पोरांनी आईचा क्रमांक टाकून खेळणं चालू ठेवलं. तो कायदा २०२२ पासून गेला.

चीनने उलट दिशा धरली. २०१० पासून खऱ्या नावाची नोंदणी, आणि ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ. तिथल्या सरकारच्या हाती जी यंत्रणा आहे, ती आपल्याला हवी आहे का, हा निराळा वाद.

आपल्याकडे नाव द्यायची सवय सायबर कॅफेतून लागली. एप्रिल २०११ च्या केंद्रीय नियमांनी कॅफेवाल्याला ओळखपत्र पाहणं, नाव, पत्ता, आल्या-गेल्याची वेळ नोंदणं आणि ती नोंद किमान एक वर्ष ठेवणं बंधनकारक केलं. केबिनची भिंत साडेचार फुटांहून उंच नको, इथपर्यंत तपशील होता. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायला येणाऱ्या पोरांनी वहीत मित्राचं नाव लिहायचं आणि आत मात्र वर्षानुवर्षं एकच आयडी चालवायचा. शिव्या देणारा कोण, डाव अर्धवट सोडून पळणारा कोण, हे सगळ्यांना त्या आयडीवरूनच ठाऊक असायचं. ओळखपत्राच्या झेरॉक्स गल्ल्याच्या खणात पडून राहायच्या.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळ कॅफेतून खिशात आला. पब्जी मोबाईल २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, तेही माहिती परदेशात जाते याच कारणावरून. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला. १८ वर्षांखालच्यांना पालकाचा मोबाईल नंबर आणि खेळण्याच्या वेळेला मर्यादा, ही अट सोबत घेऊनच. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद केले, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. रमीवाल्या अ‍ॅपना पॅन, आधार, सेल्फी देऊन बसलेल्यांचे खेळ गेले, कागद मात्र देऊन झालेले. आणि गल्लीतल्या स्पर्धांत आजही आयोजक आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात. तो फोटो किती जणांच्या गॅलरीत जाऊन बसतो, हे कुणी विचारत नाही. मला सर्वांत जास्त धास्ती याच फोटोची वाटते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ चा डेटा कायदा त्याच वाटेने आला. लहान मुलांच्या माहितीबाबत कंपनी चुकली, तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. खरं नाव इतर खेळाडूंना दाखवा, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही, ही जमेची बाजू. पालकाची खातरजमा करायला कंपनी आपल्याजवळची माहिती वापरू शकते, पालकाने स्वतः दिलेला तपशील घेऊ शकते किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेकडून मिळालेलं टोकन, म्हणजे ओळख आणि वय यांच्याशी जोडलेला डिजिटल संकेत. नीट राबवलं तर टोकन त्यातल्या त्यात बरं, कारण आधारची प्रत गेम कंपनीच्या हाती जायची गरज उरत नाही.

मात्र संमती देणारा सज्ञान आहे एवढं सिद्ध झालं, तरी तो त्या पोराचा बाप आहे का, हे वयाच्या पुराव्यातून कळत नाही. कोरियात आईचा क्रमांक पोरांना पाठ होता. आपल्याकडे तर अनेक घरांत चांगला मोबाईल एकच, सिम वडिलांच्या नावावर, आधारशी जोडलेला नंबर तोच, आणि संध्याकाळी सात ते दहा फोन पोराच्या हातात. ओटीपी येणार तोही त्याच फोनवर. ही तरतूद नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायची आहे.