फोर-बाय-फोर लागत नाही म्हणजे ट्रान्स्फर केस गेली?

गगनबावड्याच्या चिखलात फोर-बाय-फोर लागलं नाही, दिवा नुसता लुकलुकला, की ‘अख्खी ट्रान्स्फर केस बदला’ असा सल्ला कोल्हापुरात हमखास मिळतो. तेवढ्यावर खर्चात पडू नका. ट्रान्स्फर केस म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरपेटी. फोर-बाय-फोर नॉब फिरवून लागतं अशा गाडीत तिचे गिअर सरकवते ती केसला बाहेरून बोल्टनं बसवलेली 12 व्होल्टची छोटी मोटर, म्हणजेच अ‍ॅक्च्युएटर. पाणी शिरलं की तिचे ब्रश अडकतात, पोझिशन सेन्सर गंजतो.

आधी फ्यूज बघा, मग कनेक्टरमधली हिरवट पूड. मोटर उतरवण्यापूर्वी चाकांना दगड लावाच! केस न्यूट्रलला गेली तर गिअरमधली गाडीही घरंगळते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मोटर केसचा जो शाफ्ट फिरवते त्यावर खूण करा. तो पान्यानं सहज फिरला, तर आतलं बहुधा शाबूत आहे. मोटर साफ करा, ब्रश झिजले असतील तर बदला आणि सील नवंच घाला.