चीनमधील एकपक्षीय राज्यव्यवस्था

सर्व राजकीय सत्ता चिनी साम्यवादी पक्षाच्या हाती ठेवणारी, १ ऑक्टोबर १९४९ पासून चीनच्या लोकप्रजासत्ताकात अखंड चालत आलेली राज्यपद्धती. कागदोपत्री देशात आणखी आठ पक्ष आहेत. साम्यवादी पक्षाचे नेतृत्व मान्य करण्याच्या अटीवर ते टिकून आहेत आणि राजकीय सल्लागार परिषदेत त्यांना जागा मिळतात. साम्यवाद्यांविरुद्धच्या गृहयुद्धात हरलेल्या क्वोमिंतांग या राष्ट्रवादी पक्षातून फुटलेल्या डाव्या गटाचा पक्षही या आठांत आहे.

या व्यवस्थेचे मूळ सम्राटशाहीत शोधण्याची प्रथा आहे. तिला आधार नाही असे नाही. इ.स.पू. २२१ मध्ये छिन घराण्याने सरदारांची राज्ये मोडून केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्यांकरवी कारभार सुरू केला. पुढे स्पर्धा परीक्षेतून अधिकारी निवडण्याची पद्धत रुजली आणि ती १९०५ पर्यंत टिकली. अधिकाऱ्याला त्याच्या मूळ प्रांतात नेमायचे नाही, हा जुना दंडक. आजही प्रांतांचे पक्षसचिव बहुधा बाहेरून आणले जातात. पण ‘सम्राट गेला, पक्ष आला’ एवढ्यावर भागत नाही, कारण मधली काही वर्षे चीनने वेगळी वाटही चालून पाहिली होती.

१९११ च्या क्रांतीनंतर संसदेची निवडणूक झाली. मतदार फक्त पुरुष, तेही मालमत्ता किंवा शिक्षणाच्या अटी पुऱ्या करणारे. क्वोमिंतांगला सर्वाधिक जागा मिळाल्या. पक्षाचे तरुण नेते सुंग ज्याओरन मंत्रिमंडळाने संसदेला जबाबदार असावे, असा आग्रह धरून होते. मार्च १९१३ मध्ये पेकिंगला (आजचे बीजिंग) जाण्यासाठी ते शांघायच्या रेल्वे स्थानकावर आले असताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. संशय राष्ट्राध्यक्ष युआन शिकायच्या गोटाकडे गेला. युआनने त्याच वर्षी क्वोमिंतांगवर बंदी घातली, पुढच्या वर्षी संसद मोडली आणि नंतर स्वतःला सम्राटही म्हणवून घेतले. १९१६ मध्ये तो वारला आणि देश लष्करी सुभेदारांत वाटला गेला. संसदीय राजकारणावरचा विश्वास उडाला तो या काळात.

त्या पोकळीत रशियातून लेनिनच्या पक्षाचा साचा आला: वरून खाली आज्ञा, शिस्तबद्ध सभासद आणि पक्षाच्या ताब्यातले सैन्य. तो साचा आधी साम्यवाद्यांनी नव्हे, तर क्वोमिंतांगने देशाच्या कारभारात उतरवला, हे सहसा विसरले जाते. क्वोमिंतांगचे नेते सुन यत्-सेन यांनी १९२४ मध्ये सोव्हिएत सल्लागार बोरोदिनच्या मदतीने पक्षाची फेररचना केली. जनता लोकशाहीला तयार होईपर्यंत पक्षाने तिचे पालकत्व करावे, हा त्यांचा सिद्धांत. १९२८ पासून च्यांग कै-शेक यांच्या राजवटीने त्याच नावाखाली एका पक्षाचे राज्य चालवले.

साम्यवादी पक्ष १९२१ मध्ये शांघायमध्ये मूठभर सभासदांनिशी स्थापन झाला. १९२७ मध्ये च्यांग यांनी केलेल्या साम्यवाद्यांच्या कत्तलीनंतर तो खेड्यांत गेला आणि वायव्येकडील येनानच्या तळावर त्याची खरी घडण झाली. तेथे १९४२ पासूनच्या ‘शुद्धीकरण’ मोहिमेत सभासदांना आत्मटीका लिहायला लावून माओंचा शब्द अंतिम ठरवला गेला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच वर्षी उत्तर चीनमधील युद्धआघाडीवर काम करताना पक्षाचे सभासद झाले होते.

सत्तेची यंत्रणा समजायची तर एखाद्या सरकारी इमारतीच्या दारावरच्या पाट्या पाहाव्यात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे सरकारची, लाल अक्षरे पक्षाची. शहराच्या महापौरापेक्षा शहराचा पक्षसचिव वरचढ. मध्यवर्ती लष्करी आयोग तर पक्षाचा एक आणि राज्याचा एक असे दोन आहेत, माणसे मात्र तीच. सैन्याची निष्ठाही पक्षाशी बांधलेली आहे, आणि जून १९८९ मध्ये पेकिंगच्या रस्त्यांवर रणगाडे आले तेव्हा त्याचा अर्थ जगाला कळला. मंत्री, प्रांतप्रमुख, मोठ्या सरकारी कंपन्यांचे प्रमुख, नामांकित विद्यापीठांचे कुलगुरू यांच्या नेमणुका पक्षाच्या संघटन विभागाच्या हातून जातात. बढतीचे दोर एकाच हातात असणे हा या व्यवस्थेचा कणा आहे. विचारसरणी त्यामानाने लवचीक राहिली.

ती लवचीकता अपघातांतून आली. १९५९–६१ चा दुष्काळ कोट्यवधींचे बळी घेऊन गेला आणि १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत खुद्द पक्षच मोडकळीला आला. १९७८ नंतर देंग शियाओपिंग यांनी बाजाराला वाट मोकळी केली, पण सत्तेतला वाटा कोणाला दिला नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्याची कारणे पक्षात बारकाईने अभ्यासली गेली. २००२ पर्यंत खासगी उद्योजकांनाही पक्षाची दारे उघडली होती. आज सभासदसंख्या दहा कोटींच्या घरात आहे.

चिनी संस्कृतीला लोकशाही मानवत नाही, हे म्हणणे तैवानपुढे टिकत नाही. गृहयुद्ध हरून तैवानला गेलेल्या, त्याच लेनिनवादी साच्यातल्या क्वोमिंतांगने तेथे १९८७ मध्ये लष्करी कायदा उठवला आणि २००० मध्ये निवडणूक हरून सत्ता सोडली. तेव्हा मुख्य भूमीवरचे सातत्य संस्कृतीपेक्षा संघटनेच्या पकडीचे आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक.

या पकडीतला जुना कच्चा दुवा म्हणजे वारसा. देंग यांच्यानंतर ठरावीक मुदतीने नेता बदलण्याचा पायंडा पडला होता. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा संविधानातून काढण्यात आली. त्याच दुरुस्तीने पक्षाचे नेतृत्व हे चिनी समाजवादाचे मूलभूत वैशिष्ट्य असल्याचे पहिल्या कलमात घातले. २०२२ मध्ये शी जिनपिंग तिसऱ्यांदा पक्षाचे सरचिटणीस झाले आणि पक्षाच्या सर्वोच्च स्थायी समितीच्या सात जणांत उघड वारसदार ठेवला गेला नाही.