कालयंत्राला कोल्हापूरचा पत्ता कसा सांगायचा?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला कॅप्टन जॅक मनगटावर चामडी पट्ट्याचं एक यंत्र बांधतो. नाव व्होर्टेक्स मॅनिप्युलेटर. बटणं दाबली की माणूस दुसऱ्या काळात. असं यंत्र बनेल का, हा वाद तूर्त सोडून देऊ. बनलं असं धरलं तरी नुसती तारीख घालून भागत नाही.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते. सूर्याच्या हिशेबानं आहे त्याच जागी राहून एक तास मागे गेलात, तर पृथ्वी लाखभर किलोमीटर लांब असेल. म्हणून यंत्र पृथ्वीलाच बांधून ठेवायला हवं. मग प्रश्न वेगाचा. परिवलनामुळे कोल्हापूर सेकंदाला 445 मीटर पूर्वेकडे सरकतं आणि अवकाशातून पाहिलं तर बारा तासांनी ही दिशा बरोबर उलटते. सकाळी सहाचा वेग अंगात घेऊन संध्याकाळी सहाला रंकाळ्यावर उतरणारा माणूस सेकंदाला 890 मीटरनं, म्हणजे रायफलच्या गोळीइतक्या वेगानं आदळेल. उतरण्याआधी हा फरक वजा करावाच लागतो.

खरी गंमत लांबच्या प्रवासात आहे. चंद्रामुळे समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी फिरता फिरता तो थोडा पुढे ओढून नेते, चंद्र त्याला मागे खेचतो आणि परिवलनाला ब्रेक लागतो. दिवस शतकाला सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो. एवढ्याशानं काय होतंय? पण हा फरक रोज साठत जातो. 2000 वर्षांचे 7.3 लाख दिवस, सरासरी फरक 14 मिलिसेकंद; गुणाकार 10,000 सेकंदांच्या वर, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त. खगोलशास्त्रात याला डेल्टा-टी म्हणतात. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्या हिशेबानं चूक झाली सुमारे 43 अंशांची.

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ती इथं आली तो सातवाहन काळ बघायला कुणी आजच्याच लांबीचे दिवस मोजत मागे गेला, तर तो उतरेल पूर्वेला, फिलिपिन्सच्या अलीकडच्या समुद्रात. समुद्रदेवाचं दर्शन निघालंच म्हणायचं!

हा फरक कळला कसा? ग्रहणांच्या जुन्या नोंदींवरून. इ.स.पू. 136 मध्ये बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं. परिवलन कायम आजच्याइतकंच होतं असं धरून गणित केलं, तर ती सावली जवळपास 49 अंश पश्चिमेला पडायला हवी होती. तिथले लोकही शकुन-अपशकुन मानणारेच, पण ग्रहणात दारं लावून बसण्याऐवजी त्यांनी बाहेर उभं राहून वेळ टिपली. आपल्याकडे अजून गर्भवतीला घरात कोंडणं चालूच आहे.

तेव्हा मनगटावरच्या यंत्रात डेल्टा-टीचा तक्ता हवाच, आणि तोही नेमका. त्यात मिनिटाची चूक म्हणजे कोल्हापुरात 27 किलोमीटरची चूक. निघायचं ब्रह्मपुरीला आणि उतरायचं इचलकरंजीच्या आसपास.