पुढचं स्प्रॉकेट हलतंय: पट्टी आहे की नट?

मोटरसायकलचं चेन किट बदलायला कव्हर काढलं, पुढचं स्प्रॉकेट (इंजिनकडचं, चेन फिरवणारं दातेरी चाक) बोटांत धरलं आणि ते हललं, की पोटात गोळा येतो. घाबरायचं की नाही, हे मात्र ते कशानं धरून ठेवलंय यावर आहे. पुण्यात रोज दिसणाऱ्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांना दोन छोट्या बोल्टांची पट्टी असते. बऱ्याच मोठ्या गाड्यांना मधोमध एकच दणकट नट.

पट्टीचं काम बघण्यासारखं आहे. इंजिनमधून बाहेर येणाऱ्या ज्या शाफ्टवर स्प्रॉकेट बसतं, त्यावर उभे दात असतात आणि टोकाजवळ गोल फिरणारी एक खाच. पट्टीलाही आतून तसेच दात. ती दातांवरून सरकवत खाचेपर्यंत न्यायची आणि अर्धा दात फिरवायची, मग ती बाहेर येऊच शकत नाही. पुढे 6 मिमीचे दोन बोल्ट तिला स्प्रॉकेटशी जोडतात. म्हणजे बोल्ट शाफ्टला शिवतही नाहीत! पट्टी उलटी फिरून पुन्हा दातांसमोर येऊ नये, एवढीच त्यांची नोकरी. त्यामुळे बोल्ट कितीही पिळा, स्प्रॉकेट शाफ्टवर आत-बाहेर किंचित सरकणारच. ते तसंच बनवलंय. हे माहीत नसलेले लोक 10 नंबरच्या पान्यावर जोर काढतात आणि स्प्रॉकेटमधले आटे घालवून बसतात. साधारण 10 न्यूटन मीटर पुरे. बोल्ट ऑइल पुसून, निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावून बसवा. लाल लावलंत तर पुढच्या वेळी गरम करून सोडवावं लागेल, आणि तिथंच मागे तेल अडवणारं रबरी ऑइल सील आहे.

नटाचं गणित उलटं. तो स्प्रॉकेटला मागच्या कॉलरवर दाबून धरतो, त्यामुळे इथं जराही हललं तर नट सैल झालाय असंच समजायचं. माझ्या जुन्या गाडीला कात्रजच्या घाटात थ्रॉटल सोडला-दिला की खालून ‘कट्’ असा आवाज यायचा. मी चेनला दोष देत महिनाभर फिरलो. कव्हर काढलं तर नट हातानं फिरला. आधीच्या गॅरेजमध्ये जुनाच टॅब वायसर (नट फिरू नये म्हणून ज्याचा कान नटावर वाकवतात तो पत्र्याचा वायसर) सरळ करून परत वाकवला होता, आणि त्याचा कान तुटला होता. सैल स्प्रॉकेट प्रत्येक धक्क्याला शाफ्टचे दात खातं, आणि तो शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन उघडणं आलं.

म्हणून टॅब वायसर दर वेळी नवा. नाना पेठेत, म्हणजे पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, मागताना ‘लॉक वायसर’ म्हणालात तर स्प्रिंग वायसरही हातात पडू शकतो, तेव्हा जुना नमुना सोबत न्या. नट आवळताना चेन चढवलेली, गाडी गिअरमध्ये, आणि मागचा ब्रेक कुणीतरी दाबून धरलेला. आकडा मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत तो 100 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे टॉर्क पाना हवाच. आधी पूर्ण आवळायचं, मगच वायसरचा कान नटाच्या सपाट बाजूवर वाकवायचा. कान वाकवायच्या सोयीसाठी नट मागे फिरवू नका. बाजू जुळत नसेल तर किंचित पुढे न्या.

पट्टीवाल्यांनीही अगदी निर्धास्त राहू नये. दोन्ही बोल्ट गळून पडले तर पट्टी फिरून निसटते, मागोमाग स्प्रॉकेट, आणि गुंडाळलेली चेन इंजिनचं केसिंग फोडू शकते. स्प्रॉकेटची हालचाल सोडा, बोल्टांना हात लावून बघा.