कारखाना गेला, नाव राहिलं: इंग्लिश फुटबॉल क्लबांची टोपणनावं

वेस्ट हॅममधल्या ‘हॅम’वरूनच ‘हॅमर्स’ हे टोपणनाव पडलं असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींचाही हाच समज असतो. क्लबच्या बिल्ल्याकडे एकदा नीट बघितलं की तो फिटतो. तिथे दोन हातोडे एकमेकांवर फुलीसारखे ठेवलेले आहेत. ते सुताराचे नाहीत, लोहाराचेही नाहीत. जहाजाच्या लोखंडी पत्र्यांमध्ये रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे ते हातोडे.

थेम्स नदीकाठच्या थेम्स आयर्नवर्क्स या गोदीत १८९५ साली कामगारांचा फुटबॉल क्लब निघाला. गोदीचे मालक अर्नॉल्ड हिल्स यांनीच त्याला हातभार लावला. १९०० मध्ये तो क्लब गुंडाळून त्याच्या जागी वेस्ट हॅम युनायटेड उभा राहिला. ‘वॉरियर’ ही १८६० साली पाण्यात उतरलेली चिलखती युद्धनौका याच गोदीत बांधली गेली होती. पुढे जहाजबांधणी उत्तरेकडे सरकली आणि १९१२ मध्ये गोदीला टाळं लागलं. तरी वेस्ट हॅमचे जुने चाहते आजही ‘हॅमर्स’पेक्षा ‘आयर्न्स’ असंच ओरडतात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्याचा तो जयजयकार असतो.

इंग्लंडमधल्या टोपणनावांचा मोठा हिस्सा असा कारखान्याच्या दारातून आलेला आहे, आणि त्यामागे शनिवारची अर्धी सुट्टी आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांमधलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. हळूहळू इतर धंद्यांमध्येही तीच पद्धत रुळली. पगार खिशात, दुपार मोकळी, म्हणून सामने तीन वाजता. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यातले बाराही क्लब उत्तरेतल्या आणि मध्य इंग्लंडमधल्या औद्योगिक गावांचे होते. लंडनचा एकही नव्हता. प्रेक्षक म्हणजे त्या गावचे कामगार, आणि पाहुण्या संघाला ओळखायचं ते त्याच्या गावात काय बनतं यावरून.

नॉर्दॅम्प्टनला बूट बनत, म्हणून तिथला संघ ‘कॉब्लर्स’, म्हणजे चांभार. वॉल्सॉलला घोड्यांची खोगिरं, योव्हिलला हातमोजे, स्टोकला चिनी मातीची भांडी, बर्टनला बिअर. टोप्यांच्या बाबतीत तर दोन गावांनी एकाच नावावर हक्क सांगितला आहे. ल्यूटन आणि स्टॉकपोर्ट, दोघेही ‘हॅटर्स’. ल्यूटनची टोपी गवताच्या काडीची, स्टॉकपोर्टची लोकर आणि फर दाबून केलेल्या फेल्टची. हा फरक बाहेरच्याला किरकोळ वाटेल, त्या गावांना नाही. पुण्यात तांबट आळी आणि बुरूड आळी म्हणताना आपण तिथे आज कोण राहतं याची चौकशी करत नाही, तसंच हेही.

रेडिंगचं मात्र वेगळं झालं. हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यामुळे तिथल्या संघाला ‘बिस्किटमेन’ म्हणत. १९७० च्या दशकात कारखाना बंद पडला आणि क्लबने ‘रॉयल्स’ हे नाव घेतलं, कारण बर्कशरला ‘रॉयल काउंटी’ म्हणतात. मला विचाराल तर बिस्किटात जी चव होती ती राजेशाहीत नाही.

आर्सेनलच्या ‘गनर्स’ची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. १८८६ मध्ये दक्षिण-पूर्व लंडनमधल्या वुलिच इथे, रॉयल आर्सेनल या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी हा संघ काढला. आधी त्यांच्या एका कार्यशाळेवरून नाव होतं ‘डायल स्क्वेअर’. पुढचा अर्धा भाग शर्टाचा. त्या कामगारांमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले काहीजण होते. त्यांनी जुन्या क्लबकडे मदत मागितली आणि फॉरेस्टने लाल शर्ट पाठवून दिले. खुद्द फॉरेस्टचा लाल रंग इटलीच्या गॅरिबाल्डीच्या लाल डगलेवाल्या स्वयंसेवकांवरून घेतलेला. म्हणजे तोफा वुलिचच्या आणि रंग इटलीच्या क्रांतीचा. १९१३ मध्ये क्लब नदी ओलांडून उत्तर लंडनला हायबरीत गेला, कारखाना मागेच राहिला, पण बिल्ल्यावरची तोफ बरोबर आली.

शेफील्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं शहर, त्यामुळे ‘ब्लेड्स’ हे नाव कुणाचं यावरून तिथे गंमत आहे. आधी हे नाव शेफील्ड वेन्सडेला लावत, आणि १८८९ मध्ये निघालेल्या शेफील्ड युनायटेडला ‘कटलर्स’. मग वेन्सडेने १८९९ मध्ये आउलर्टन भागात मैदान घेतलं. आउल म्हणजे घुबड. १९१२ मध्ये जॉर्ज रॉबर्टसन या खेळाडूने क्लबला घुबडाची एक मूर्ती भेट दिली आणि वेन्सडे कायमचे ‘आउल्स’ झाले. मोकळं झालेलं पातं युनायटेडकडे गेलं. घुबड शुभ की अशुभ हा आपला प्रश्न शेफील्डकरांना पडला नाही. ‘वेन्सडे’ हे नावही सुट्टीचंच आहे: मूळ क्रिकेट क्लबचे कारागीर सभासद बुधवारी अर्धा दिवस मोकळे असत, म्हणून बुधवारचा क्लब.

कारखाना नसेल तर दुकान चालतं. लिव्हरपूलमधल्या एव्हर्टन वस्तीत टॉफी विकणारी नावाजलेली दुकानं होती, म्हणून तिथला एव्हर्टन क्लब ‘टॉफीज’. क्लब १८९२ मध्ये ॲनफील्ड सोडून गुडिसन पार्कला आला तेव्हा तिथून जवळ असलेल्या नॉब्लेटच्या दुकानाची चंगळ झाली. त्याने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ‘एव्हर्टन मिंट’ काढली. गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर मा बुशेलच्या दुकानाने सामन्याआधी मैदानात पोरगी पाठवून प्रेक्षकांमध्ये टॉफी वाटायला सुरुवात केली, असं सांगतात. आजही सामन्याआधी एक मुलगी जुन्या धाटणीच्या पोशाखात, हातात परडी घेऊन मैदानाभोवती फिरते आणि प्रेक्षकांत मूठ-मूठ मिंट उधळते. मोठी माणसंही त्या झेलायला हात वर करतात.

नॉर्विचची कॅनरी, म्हणजे पिवळा गाणारा पक्षी, त्याहून जुनी आहे. सोळाव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने परागंदा होऊन आलेल्या विणकरांनी कॅनरी पाळण्याचा नाद बरोबर आणला, आणि मागाच्या खटखटाटात पिंजरे टांगले. १९०२ मध्ये निघालेल्या क्लबचे शर्ट निळे-पांढरे होते. पक्ष्याचं नाव रूढ झाल्यावर १९०७ मध्ये शर्टच पिवळे-हिरवे केले. टोपणनावाने रंग बदलावा, असं क्वचितच होतं.

आता थोडं बाजूला. जी नावं आपल्याला सर्वांत ‘परंपरागत’ वाटतात त्यातली काही चक्क कालपरवाची आहेत. मँचेस्टर युनायटेडचे ‘रेड डेव्हिल्स’ घ्या. १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी काढलेल्या या क्लबला आधी ‘हीदन्स’, म्हणजे पाखंडी म्हणत. गावाच्या नावावरची कोटी होती ती. लाल सैतान मूळचे शेजारच्या सॅल्फर्डच्या रग्बी संघाचे: १९३४ मध्ये तो संघ फ्रान्स दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव. युनायटेडचे मॅनेजर मॅट बझबी यांनी ते १९६० च्या दशकात उचललं. त्यांच्या तरुण संघाला ‘बझबी बेब्स’ म्हणत, पण ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात त्यातले आठ खेळाडू गेले. ते लाडकं नाव पुन्हा हाकारणं जड झालं होतं.

क्रिस्टल पॅलेस हा काचेच्या महालाजवळचा क्लब, म्हणून त्याला ‘ग्लेझिअर्स’, काच बसवणारे, असं नाव होतं. महाल १९३६ मध्ये जळाला तरी नाव टिकलं. १९७३ मध्ये मॅनेजर माल्कम ॲलिसन यांनी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा गरुड पाहून ‘ईगल्स’ केलं. त्याच सुमारास ब्रायटन हा समुद्रकाठचा क्लब स्वतःला ‘डॉल्फिन्स’ म्हणवून घेत होता, पण ते नाव कुणाच्या तोंडी बसत नव्हतं. पॅलेसवाले ‘ईगल्स! ईगल्स!’ ओरडले की ब्रायटनवाले ‘सीगल्स! सीगल्स!’ असं उलट ओरडायचे. तेच अधिकृत झालं. वैऱ्याच्या घोषणेला यमक जुळवून मिळालेलं नाव, आणि तिथल्या किनाऱ्यावर खरोखर सीगल आहेतच. जाहिरातवाल्याला हे सुचलं नसतं.

टोमण्यातून आलेल्या नावांवर माझा जीव जास्त आहे. इप्सविचला हिणवायला प्रतिस्पर्धी ‘ट्रॅक्टर बॉइज’ म्हणायचे, शेतकरी गावंढळ या अर्थी. इप्सविचवाल्यांनी तेच गाणं स्वतःसाठी लावलं. हार्टलपूलवर तर याहून जहरी टोमणा आहे: ‘मंकी हँगर्स’, माकडाला फाशी देणारे. दंतकथा अशी की नेपोलियनच्या युद्धकाळात एक फ्रेंच जहाज किनाऱ्याजवळ फुटलं, गणवेश घातलेलं एक माकड तेवढं वाचलं, आणि फ्रेंच माणूस कधी पाहिलेलाच नसल्यामुळे गावकऱ्यांनी ते हेर ठरवून लटकवलं. हार्टलपूल युनायटेडचं मैदानावर फिरणारं सोंगही माकडाचंच, नाव ‘हँगस’. २००२ मध्ये ते सोंग घेणारा स्टुअर्ट ड्रमंड महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. शाळकरी मुलांना फुकट केळी, हे त्याचं आश्वासन. तो निवडून आला. नंतर २००५ आणि २००९ मध्येही हार्टलपूलकरांनी त्यालाच निवडलं.