स्वर्गाशा : गोव्यातील ख्रिस्ती परंपरा

स्वर्गाशा म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतील ती अपेक्षा, जिच्यानुसार मृत्यू हा माणसाचा शेवट नसून येशू ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, मृत उठतील, न्याय होईल आणि देव सारी सृष्टी नवी करून माणसांमध्ये वस्ती करील. श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन ईश्वरपर सद्गुणांमध्ये तिची गणना होते. गोव्यातील कॅथलिकांच्या कोंकणी बोलीत या तिघींना भावार्थ, भरवसो आणि मोग अशी नावे आहेत, आणि त्यांतील मधले नाव विशेष अर्थपूर्ण आहे. मराठीत आशा वेडी असते, ती खोटीही ठरते. भरवसा मात्र कोणावर तरी ठेवावा लागतो. ख्रिस्ती आशेचा आधार माणसाच्या इच्छेत नसून ज्याने वचन दिले त्याच्या विश्वासूपणात आहे, ही गोष्ट त्या एका शब्दात आपोआप येते.

या आशेचा पाया येशूच्या पुनरुत्थानात आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला स्पष्ट लिहिले आहे. म्हणूनच शरीराच्या पिंजऱ्यातून आत्म्याची सुटका एवढाच या शिकवणुकीचा अर्थ होत नाही. देह धरून संपूर्ण माणूस उठतो आणि त्याच्यासह सृष्टीही नवी होते, असे ती सांगते. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेशी जोडल्या गेलेल्या विश्वासांगीकाराच्या शेवटी मृतांच्या पुनरुत्थानाची व येणाऱ्या युगातील जीवनाची वाट पाहण्याचे शब्द आहेत, आणि आजही रविवारच्या मिसेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, ते म्हटले जातात. शुद्ध झालेले आत्मे अंतिम न्यायाच्या आधीच देवाचे साक्षात दर्शन घेतात, हे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये अधिकृतपणे ठरवून दिले. स्वर्गापूर्वी आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानाविषयीची कॅथलिक शिकवण फ्लॉरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) येथील परिषदांतून निश्चित झाली. प्रॉटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत व मृतांसाठी विनवण्याही सहसा करीत नाहीत. पुनरुत्थानाची आशा मात्र दोघांची एकच आहे.

ही शिकवण गोव्यात सांगताना पहिला प्रश्न शब्दाचा होता, आणि त्याचे उत्तर मराठीच्या वाङ्मयेतिहासात जमा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले येशूसंघाचे (जेझुइट) इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला काहीच उरले नव्हते. ग्रंथातील संवाद याच गरजेतून सुरू होतो. स्वर्ग हा शब्द हाताशी असताना स्टीफन्स ख्रिस्ती परमधामाला वैकुंठ म्हणतात. ही निवड केवळ छंदाच्या सोयीची वाटत नाही. हिंदू कल्पनेतील स्वर्ग पुण्याच्या मोजमापाने मिळतो आणि पुण्य सरले की जीव पुन्हा मर्त्यलोकी येतो, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. ख्रिस्ती स्वर्गातून मात्र परत येणे नाही आणि तो कमावताही येत नाही, तो कृपेने दिला जातो. मराठी श्रोत्याच्या मनात जिथून कोणी परतत नाही आणि जिथे प्रत्यक्ष देव भेटतो असे स्थान वैकुंठच होते. फरक उरतोच, कारण वैकुंठाच्या कल्पनेत या मातीच्या देहाला उठून येण्याचे कारण नाही. तरी परक्या श्रद्धेचे सर्वांत मोठे वचन ऐकणाऱ्याच्या घरातील सर्वांत मोठ्या शब्दात ठेवण्याचे हे धैर्य असामान्य म्हणावे लागते. पुढे प्रार्थनेची भाषा म्हणून कोंकणी स्थिरावली आणि सर्ग हाच शब्द रूढ झाला. नरकाला यमकोंड, अनंतकाळच्या जीवनाला सासणाचें जिवीत आणि चिरविश्रांतीला सासणाचो विसव म्हणतात.

स्वर्गाची वाट पाहणाऱ्याने इथे कसे जगावे, हा या विषयाचा गाभा आहे. हा प्रश्न पहिल्या शतकातच उभा राहिला. थेस्सलनीका येथील मंडळीत काहींना आप्तांच्या मृत्यूने हाय खाल्ली होती. ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा शोक करू नका, असे पौलाने त्यांना लिहिले. शोकच करू नका असे तो म्हणत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याच मंडळीत काहीजण काम सोडून नुसते इकडेतिकडे फिरत होते, आणि त्यांना त्याने खडसावले की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असे येशूने स्वतः सांगितले आहे. अधूनमधून पुनरागमनाच्या तारखा काढल्या गेल्या आणि प्रत्येक वेळी भोळ्या माणसांची घोर निराशा झाली. तारीख कळत नाही म्हणून प्रत्येक दिवसाला महत्त्व येते. तारीख माहीत असती तर शेवटचा आठवडा सोडून बाकीचा काळ वाया घालवण्याची मुभा मिळाली असती.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय या जागृत प्रतीक्षेचे चित्र तीन अंगांनी रेखाटतो. दिव्यात तेल बाळगणाऱ्या व न बाळगणाऱ्या दहा कुमारी येतात, धन्याने सोपवलेले द्रव्य वाढवणारे आणि भीतीने जमिनीत पुरून ठेवणारे चाकर येतात, आणि शेवटी न्यायाचा प्रसंग येतो. तिथे भुकेल्याला अन्न दिले की नाही, उघड्याला वस्त्र दिले की नाही, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस केली की नाही, एवढेच विचारले जाते. लूकच्या शुभवर्तमानात लग्नाहून परतणाऱ्या धन्याची वाट पाहत दिवे पेटते ठेवून बसलेल्या चाकरांचा दृष्टांत आहे. त्याचा शेवट कोणत्याही व्यवहारात न बसणारा आहे: जागे राहिलेल्या चाकरांना धनी पंगतीला बसवतो आणि स्वतः कंबर कसून त्यांना वाढतो.

गोव्याच्या किनारपट्टीवरील गावांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. बोटीवर काम करणारे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. घरचा माणूस दूर दर्यावर आहे म्हणून घर थांबून राहत नाही. मिरगाच्या आधी कौले परतली जातात, मुलांचे शिक्षण चालते, भाटातले (माडांच्या बागेतले) नारळ वेळेवर पाडले जातात, आणि तिन्हीसांजेला घरातल्या ओरातोरासमोर (देव्हाऱ्यासमोर) मेणबत्ती लावून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हटला जातो. माणूस येईल तेव्हा त्याला घर नांदते दिसावे, एवढीच त्यामागची भावना असते. वाट पाहणे आणि काम करणे या तिथे दोन गोष्टी नसतात.

कोंकणी प्रार्थनेतही हेच आहे. 'आमच्या बापा सर्गिंच्या' या प्रार्थनेत 'तुजें राज आमकां येंव' असे मागणे आहे. आम्हांला इथून उचलून तिथे ने, असे येशूने शिकवले नाही. तुझे राज्य आमच्याकडे येवो आणि तुझी इच्छा स्वर्गात तशी संसारातही होवो, असे मागायला शिकवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हाच धागा धरून म्हटले की नव्या पृथ्वीच्या अपेक्षेने या पृथ्वीची मशागत करण्याची आस्था कमी न होता वाढली पाहिजे. परलोकाच्या नावाने इहलोकीचे अन्याय सोसायला लावले जातात, या आक्षेपाला हे एक उत्तर आहे. पण तो आक्षेप निराधार होता असे मात्र म्हणता येणार नाही. गोव्यात तर नाहीच. सोळाव्या शतकात सासष्टी व बारदेशात देवळे पाडली गेली, आणि १५६० पासून मधला अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) माणसांच्या श्रद्धेवर पाळत ठेवली. आत्मे वाचवण्याचे कारण पुढे करून देहांना यातना दिल्या गेल्या. जी आशा स्वभावतःच दान आहे ती धाकाने कोणाच्या पदरात घालता येत नाही, आणि हे करणाऱ्यांनी पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचे शब्द बाजूला सारले होते, असे ख्रिस्ती माणसानेच आधी म्हटले पाहिजे.

याच भूमीने याच्या अगदी उलट उदाहरणही दिले. बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेले सांकवाळचे धर्मगुरू जोजे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले. तिथे डच सत्तेने कॅथलिक धर्माला बंदी घातली होती आणि धर्मगुरूंवाचून राहिलेले लोक लपूनछपून प्रार्थना करीत होते. वाझ भिकाऱ्याच्या वेषात गावोगाव फिरले. कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ पसरली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची, ते कोणत्या धर्माचे हे न पाहता, त्यांनी शुश्रूषा केली. त्यांच्या पाठीशी ना सैन्य होते ना सरकार. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. स्वर्गाची आशा माणसाला जगापासून दूर नेते की जगाच्या जखमेजवळ, याचा निवाडा शास्त्रचर्चेपेक्षा अशा चरित्रांतून लवकर होतो.

उपासनेच्या वर्षात या प्रतीक्षेला आगमनकाळ असे नाव आहे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ गोव्यात नाताळच्या तयारीचा, नेवऱ्या व दोदोल करण्याचा काळ म्हणून ओळखला जातो. परंतु १६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा भर गोठ्यातील बाळापेक्षा ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यावर असतो. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांचे ३ डिसेंबरचे फेस्त याच दिवसांत येते. दूरदूरून चालत येणारे भाविक, त्यांत हिंदूही पुष्कळ, बॉम जेझस चर्चच्या आवारात रांगेने उभे असतात. चाळिसीच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) पाचव्या आठवड्यात सोमवारी थोरल्या गोव्यात (गोवा वेल्हा येथे) संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. आधी पोहोचलेले आणि अजून वाटेवर असलेले एकाच कुटुंबातले आहेत, हे संतसमागमाचे तत्त्व ही मिरवणूक रस्त्यावर आणून दाखवते.

मृतांशी असलेले नाते २ नोव्हेंबरच्या अल्मांच्या (मृतात्म्यांच्या) दिवशी अधिक जवळून दिसते. आदल्या दिवसांत घरची माणसे सिमित्रीत (दफनभूमीत) जाऊन थडग्यांवरचे पावसाळी गवत उपटतात, खुरसाला (क्रुसाला) चुना लावतात, मातीचा उंचवटा हाताने सारखा करतात. त्या दिवशी फुले वाहिली जातात, मेणबत्त्या वाऱ्याने विझतात आणि शेजारच्या थडग्यावरच्या ज्योतीने पुन्हा लावल्या जातात. पाद्री ओळींमधून पवित्र पाणी शिंपडत जातात. अनेक गावांत सिमित्रीच्या दारावर 'आयज म्हाका, फाल्यां तुका' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली असतात: आज मला, उद्या तुला. वरवर हे नुसते भय वाटते. पण त्याच दारातून आत जाणाऱ्यांच्या हातात आपल्या माणसासाठी फुले असतात आणि ओठांवर सासणाच्या विसवाची विनवणी असते, म्हणून ती अक्षरे वेगळी वाचावीत. जागा अपुरी असल्याने काही वर्षांनी थडगे उघडून अस्थी बाजूला काढल्या जातात व तिथे दुसऱ्याला विसावा मिळतो. कॅथलिक ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनाला मुभा दिली असली तरी पुनरुत्थानाच्या अपेक्षेने देह मातीत ठेवण्याची रीत गोव्यात घट्ट आहे.

मृत्यूनंतर सातव्या दिवसाचे व महिन्याचे मीस होते. वर्तमानपत्रात त्याची सूचना छायाचित्रासह छापून येते आणि हिंदू शेजारीही इगर्जीत (चर्चमध्ये) मागच्या बाकावर येऊन बसतात. मृतांची आठवण लग्नघरातही विसरली जात नाही. लग्नाच्या आधी 'भिकाऱ्यांचें जेवण' घालण्याची जुनी चाल आहे. घरातील मृतांच्या नावाने गावातील गरिबांना बोलावून, प्रथम त्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणून, त्यांना पोटभर जेवू घातले जाते. मांडव अजून पुरता सजलेला नसतो, पाहुणे यायचे असतात, आणि ज्या घरात उद्या सनई किंवा बँड वाजणार तिथली पहिली पंगत गरिबांची बसते. वाढायला घरचीच माणसे उभी असतात.