‘चोंतवारी’: नट गेल्यानंतर पुरा झालेला चित्रपट

१९८० च्या ‘चोंतवारी’ या हंगेरियन चित्रपटाकडे निव्वळ एका चित्रकाराचे चरित्र म्हणून पाहिले, की तो विस्कळीत वाटतो. त्याची घडण समजायची, तर चित्रकाराच्या आयुष्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, १९७६ च्या जूनमध्ये काय घडले ते ठाऊक असावे लागते.

चित्रकार तिवादार चोंतवारी (१८५३–१९१९) पेशाने औषधविक्रेता होता. ऑक्टोबर १८८० मध्ये इग्लो गावातल्या औषधांच्या दुकानात असताना त्याने समोर थांबलेली बैलगाडी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर पेन्सिलीने उतरवली, आणि ‘तू राफाएलहून मोठा चित्रकार होशील’ असे सांगणारा आवाज ऐकू आल्याचे पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्या आवाजावर विसंबून त्याने व्यवसाय सोडला नाही. पैसा साठवत चौदा वर्षे काढली आणि चाळिशी उलटल्यावर, १८९४ मध्ये, तो म्युनिकला शिकायला गेला. लेबनॉनमधल्या बालबेक या प्राचीन अवशेषांच्या गावाचे सुमारे सात मीटर रुंदीचे चित्र १९०६ चे; आपल्या देवदाराच्या कुळातल्या लेबनॉनच्या एकाकी सीडर वृक्षाचे १९०७ चे. त्याच्या मृत्यूनंतर हे प्रचंड कॅनव्हास गाड्यांवर ताडपत्री म्हणून घालण्यासाठी विकले जाण्याच्या बेतात होते. एका तरुण वास्तुविशारदाने ते विकत घेऊन अनेक दशके जपले, म्हणून १९७३ मध्ये हंगेरीतल्या पेच शहरात त्यांचे संग्रहालय उभे राहू शकले.

चित्रपटाच्या दिग्दर्शकाने १९७१ मध्ये ‘सिंदबाद’ केला होता. त्यात जुन्या प्रेयसींच्या आठवणींत हिंडणाऱ्या, मृत्यू जवळ आलेल्या पुरुषाची भूमिका ज्या नटाने केली, तोच चोंतवारी साकारणार होता. ४ जून १९७६ रोजी बालातोन सरोवराकाठच्या एका गावी तो रेल्वेखाली सापडून गेला. वय ४४. ती आत्महत्या होती की अपघात, हा वाद अजून मिटलेला नाही.

दिग्दर्शकाने चित्रपट सोडून दिला नाही आणि त्या जागी दुसरा हंगेरियन नटही उभा केला नाही. त्याने बल्गेरियातला नट निवडला आणि चित्रकाराच्या कथेत दुसरी कथा गुंफली: ही भूमिका करू पाहणाऱ्या आणि तिच्या भाराखाली खचत जाणाऱ्या एका नटाची. या निर्णयावर दोन आक्षेप घेता येतात. हंगेरीच्या इतक्या जवळच्या चित्रकाराला परका चेहरा का, हा पहिला. दिवंगत मित्राच्या शोकाखाली चित्रकार झाकोळला जातो, हा दुसरा. पहिल्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. कोणताही ओळखीचा हंगेरियन नट असता, तर प्रत्येक चौकटीत त्याची तुलना गेलेल्या नटाशीच झाली असती. अनोळखी चेहऱ्याने त्या भूमिकेला मोकळी जागा मिळाली. दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण चोंतवारीच्या प्रवासाचे टप्पे चित्रपटात खरोखरच सलग लागत नाहीत. तरीही आतून आलेल्या हाकेमागे आयुष्य उधळणारा चित्रकार आणि भूमिकेत स्वतःला हरवून बसणारा नट यांचे दुःख एकाच जातीचे आहे. ते शेजारी ठेवल्यामुळेच हा चित्रपट चरित्राच्या पलीकडे जातो, असे माझे ठाम मत आहे.

दिग्दर्शक १९८१ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, वारला. लघुपट बरेच केले असले, तरी पूर्ण लांबीचे हे दोनच चित्रपट त्याच्या नावावर आहेत.